पंच कोणाचा?

बास्केटबॉलचा जन्म आणि बास्केटबॉलच्या पंचाचा जन्म एकाच वेळचा आहे. इतर बहुतेक खेळांचं तसं नाही. क्रिकेट घ्या, फुटबॉल घ्या, आपला हुतूतू घ्या. ते आधी पोरांनी मनसोक्त खेळून घेतले, भांडून घेतले आणि मग कुणीतरी मोठं माणूस नियम लिहायला बसलं. बास्केटबॉलचे नियम मात्र आधी लिहिले गेले आणि खेळ नंतर झाला. अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. थंडीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना व्यायामशाळेत खेळता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी तेरा नियम टाइप करून फलकावर लावले, सज्जाला पीच या फळाच्या दोन टोपल्या टांगल्या आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ उतरवले.

त्या तेरा नियमांत पंच दोन आहेत. एक अम्पायर आणि दुसरा रेफरी. अम्पायरने माणसांकडे पाहायचं, रेफरीने चेंडूकडे. चेंडू रेषेबाहेर गेला का, तो आता कुणाचा, वेळ किती उरला, हे रेफरीचं काम. कुणी कुणाला ढकललं, पाडलं, मारलं, हे अम्पायरचं काम. कविता लिहिणाऱ्या माणसाला ही वाटणी फार आवडते. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही हे चांगल्या डोळ्यांना कळतं. पण समोरच्याला इजा करण्याचा इरादा होता की नाही, हेही त्या नियमांत अम्पायरनेच ठरवायचं होतं, आणि इरादा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

नेस्मिथ १९३९ मध्ये वारले. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात ते बोलले होते, आणि त्यामुळे त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. पहिल्या प्रयत्नाची हकीकत ते सांगतात ती मोठी मजेची आहे. शिट्टी वाजवल्याबरोबर पोरं एकमेकांच्या अंगावर तुटून पडली. कुणाचे डोळे सुजले, कुणाचा खांदा निखळला, एक जण तर बेशुद्ध पडला. खेळ शोधून काढणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी पंच व्हावं लागलं, आणि पंच म्हणजे काय, तर मारामारी सोडवणारा.

पहिल्या सामन्यातला एक कर्णधार होता डंकन पॅटन. १८९४ मध्ये हा खेळ भारतात आणण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. पुढे वाय.एम.सी.ए.च्या मैदानांवरून तो शाळा-कॉलेजांत पसरला. आपल्या पुण्यातही त्याची जुनी मैदानं आहेत, आणि पुण्याच्याच स्नेहल बेंडके यांनी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा पंचपरवाना मिळवून परदेशातल्या सामन्यांत शिट्टी हाती घेतली. अमेरिकेतल्या एनबीएत पंच ही पूर्णवेळ नोकरी असते. तिथल्या डिक बव्हेटा या पंचाने एकोणचाळीस हंगामांत सलग २,६३५ सामने केले, एकही न चुकवता. त्याआधी तो शेअर बाजारात दलाल होता. आपल्याकडे मात्र बहुतेक पंच शाळेत, बँकेत किंवा एखाद्या कचेरीत नोकरी करतात आणि रजा टाकून सामने करतात. हातात पडतो तो प्रवासखर्च आणि थोडं मानधन. आणि शिव्या, त्या मात्र व्यावसायिक पंचाइतक्याच.

पण मला आज बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पंच चांगला की वाईट हा प्रश्न आपण नंतर विचारतो. त्याआधी एक प्रश्न आपल्या मनात येऊन गेलेला असतो. हा पंच कोणाचा?

पंच हा आपला शब्द खरं तर एका माणसाचा नाहीच. पंच म्हणजे पाच. गावचा तंटा पाच जणांपुढे जायचा, आणि पाचामुखी परमेश्वर अशी आपली म्हण. पाचांतला एखादा कुणाच्या नात्यातला, कुणाच्या देण्यातला असणारच, हे गाव धरून चाले. पाच मिळून ती बाकी फिटेल असा हिशेब होता. खेळात हा शब्द आला तेव्हा पाचाचा एक झाला, कधी दोन झाले, पण अपेक्षा परमेश्वराचीच राहिली. प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही १९१६ मधली कथा अनेकांनी हिंदीच्या पुस्तकात वाचली असेल. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनची मावशी पंचायतीत पंच म्हणून कुणाला निवडते, तर जुम्मनच्या त्या मित्रालाच, आणि अलगू निवाडा देतो तो मावशीच्या बाजूने. पुढे दोघांचं वैर होतं आणि अलगूच्याच तंट्यात जुम्मन पंच होतो, तेव्हा तोही त्या वैऱ्याच्या बाजूने निवाडा देतो. कथेतल्या दोन्ही निवाड्यांत पंच तटस्थ नव्हता, पंच कुणाचा तरी होता. मला ती गोष्ट याच कारणासाठी लक्षात राहिली.

मी राहतो त्या वारज्यात रविवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. तिथला पंच कोण, तर बॅटिंग करणाऱ्या संघातला, अजून पाळी न आलेला एखादा पोरगा. तो अम्पायर आहे हे सगळ्यांना मान्य असतं, आणि तो आपल्याच संघाचं पाहणार हेही सगळ्यांना मान्य असतं. मग खेळ कसा चालतो? पोरांनी त्यावर फार शहाणा तोडगा काढलेला आहे. गल्लीत एलबीडब्ल्यू नसतो. त्रिफळा दिसतो, झेल दिसतो, धावबाद झाला तर निदान भांडता येतं. पण पायाला लागलेला चेंडू स्टंपावर गेला असता की नसता, हे फक्त कुणाच्या तरी शब्दावर मानायचं असतं. तेवढा विश्वास नाही म्हणून पोरं नियमच काढून टाकतात. ही पद्धत आम्ही लहान होतो तेव्हाही होती, आणि माझ्या माहितीत ती कुणी कुणाला शिकवलेली नाही.

मोठ्या खेळात नियम काढून टाकता येत नाही. तिथे मग पासपोर्ट पाहायची रीत पडली. दोन देश खेळत असतील तर पंच तिसऱ्या देशाचा. बास्केटबॉलमध्ये ही रीत क्रिकेटच्या कितीतरी आधी रुजली. आणि तिचं काय होऊ शकतं, ते १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जगाने पाहिलं.

सामना होता अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात. अमेरिका तोवर ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये एकदाही हरली नव्हती. पंच दोन, ब्राझीलचे रेनातो रिगेत्तो आणि बल्गेरियाचे आर्तेनिक अराबाजियान. सामना संपायला तीन सेकंद उरली असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली. सोव्हिएत बाजूने चेंडू आत टाकला, पण आपण मागितलेला टाइम आउट दिला गेला नाही असा त्यांच्या प्रशिक्षकांनी गलका केला. खेळ थांबला तेव्हा घड्याळात एक सेकंद होतं. मग आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले आणि त्यांनी तीन सेकंद पुन्हा द्यायला लावली. चालू सामन्यात असा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. चेंडू पुन्हा टाकला गेला, पण घड्याळ नीट लावलेलं नव्हतं आणि भोंगा वाजला. अमेरिकन खेळाडू नाचू लागले. त्यांचा नाच थांबवून तीच तीन सेकंद तिसऱ्यांदा खेळवली गेली. इवान एदेश्कोने मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोवने तो उचलून टोपलीत टाकला, आणि सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला.

अमेरिकेने तक्रार केली. पाच जणांच्या समितीने ती तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. ते तिघे हंगेरी, पोलंड आणि क्युबा या देशांचे होते, आणि ते दोघे इटली आणि पोर्तो रिकोचे. म्हणजे पाच पंच होते, पाचही तिसऱ्या देशांचे, आणि तरी मतं शीतयुद्धाच्या रेषेवर बरोबर दुभंगली. पाचामुखी परमेश्वर त्या रात्री काही बोलला नाही. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, ती त्यांनी आजवर घेतलेली नाहीत.

रिगेत्तो यांनी एकच गोष्ट केली. सामन्याच्या गुणपत्रिकेवर सही करायला त्यांनी नकार दिला. निकाल त्याने बदलला नाही. पेशाने वास्तुरचनाकार असलेल्या या गृहस्थांनी चार ऑलिंपिकमध्ये पंचगिरी केली, पण त्यांचं नाव लक्षात राहिलं ते न केलेल्या या सहीमुळे.

क्रिकेटमध्ये तेव्हा वेगळीच तऱ्हा होती. यजमान देशानेच दोन्ही अम्पायर द्यायचे. म्हणजे आमच्या वारज्यातल्या प्लॉटसारखंच, फक्त कपडे पांढरे. याला एकच जुना अपवाद होता. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये तिरंगी स्पर्धा झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्यांना इंग्लिश अम्पायर होते. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षं ज्याचं मैदान त्याचा पंच, आणि पाहुण्याने तोंड दाबून सोसायचं.

सोसणं नेहमी जमायचं नाही. १९८० मध्ये न्यूझीलंडमध्ये मायकेल होल्डिंगने लाथ मारून स्टंप उडवले, आणि त्याच दौऱ्यात कॉलिन क्रॉफ्टने धावत येऊन अम्पायरलाच धडक दिली. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला रेक्स व्हाइटहेड यांनी आपल्या सुनील गावसकरला पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता असं गावसकरचं म्हणणं. तो रागाने जोडीदार चेतन चौहानलाही बरोबर घेऊन निघाला. चेतन आपल्या वाडिया कॉलेजचा, काही वर्षं महाराष्ट्राकडून खेळलेला. दोघे बाहेर पडले असते तर सामना सोडल्यासारखं झालं असतं, पण सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणी उभे होते. त्यांनी चेतनला परत आत पाठवलं. तो सामना पुढे भारताने जिंकला.

आणि पंच आपलाच असला तर आपण त्याला डोक्यावर घेतो का? सप्टेंबर १९८६ मध्ये मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू होती. शेवटचं षटक, धावा बरोबरीत, शेवटची जोडी. भारताला एक धाव हवी. ग्रेग मॅथ्यूजचा चेंडू मणिंदर सिंगच्या पायावर लागला आणि व्ही. विक्रमराजू यांनी बोट वर केलं. कसोटी बरोबरीत सुटली. इतिहासातली ती अशी दुसरीच कसोटी. भारतीय अम्पायरने, भारतीय मैदानावर, भारताच्या शेवटच्या फलंदाजाला पायचीत दिलं होतं. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं मणिंदर पुढे सांगत राहिला. विक्रमराजू यांची ती दुसरी कसोटी होती. तिसरी त्यांना कधीच मिळाली नाही. निर्णय बरोबर होता की चूक, यावर चहाच्या टपरीवर अजूनही वाद घालता येतो. पण त्या बोटाला आपला-परका कळत नव्हता, एवढं नक्की.

हे झालं सप्टेंबरात. नोव्हेंबरात, अवघ्या दीड महिन्याने, दोन भारतीय अम्पायर लाहोरला जाऊन उभे राहिले.

त्यातले एक हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. दुसरे आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर. जन्म १९३८ चा. पारशी मंडळींत धंद्यावरून आडनावं पडण्याची रीत जुनी, तशातलंच हे आडनाव. नोकरी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात. म्हणजे ज्या मंडळाच्या बिलावरून आणि तारेवरून आपण सगळेच कधी ना कधी भांडलो, तिथला हा माणूस. अम्पायरगिरीवर तेव्हा कुणाचं घर चालत नसे, तेव्हा मंडळाची नोकरी आणि मैदान असा दुहेरी संसार. रणजीचे सामने करत करत १९८४ मध्ये त्यांना पहिली कसोटी मिळाली. पुढे १९९३ पर्यंत चौदा कसोट्या आणि १९९४ पर्यंत बावीस एकदिवसीय सामने त्यांनी केले. त्यांत १९९२ च्या विश्वचषकातलेही सामने होते. चौकाराची खूण ते अशा झोकात करत की प्रेक्षक चौकारापेक्षा त्या खुणेलाच टाळ्या देत.

त्या काळातला अम्पायर म्हणजे काय होतं, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. टीव्ही पाहून निर्णय देणारा तिसरा पंच १९९२ च्या नोव्हेंबरात दरबानला पहिल्यांदा आला, आणि त्याने धावबाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिनच. त्याआधी रिप्ले प्रेक्षकांना दिसे, पंचाला नाही. दिवसाचे सहा तास उन्हात उभं राहायचं आणि चेंडू हातातून सुटून पायावर आदळेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात पाहिलेल्या गोष्टीवर बोट वर करायचं किंवा नाही करायचं. आम्ही रेडिओवर ऐकणारी पिढी. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनात गोलंदाज दिसायचा, फलंदाज दिसायचा, पॅव्हेलियनच्या बाजूचा वारासुद्धा दिसायचा. अम्पायर मात्र फक्त ऐकू यायचा, तोही एका शब्दात. बाद, नाही तर नाबाद.

लाहोरचं आमंत्रण होतं इम्रान खानच्या आग्रहामुळे. वेस्ट इंडीजचा संघ पाकिस्तानात आला होता. पहिल्या कसोटीत, फैसलाबादला, पाकिस्तानने त्यांना दुसऱ्या डावात ५३ धावांत गुंडाळलं होतं. व्हिव रिचर्ड्सचा संघ आणि ५३! त्या सामन्याला अम्पायर पाकिस्तानी होते. इम्रानचं म्हणणं साधं होतं. आम्ही घरात जिंकलो की लोक म्हणणार, अम्पायरने जिंकून दिलं. मग जिंकण्यात काय राहिलं? यात साधुत्व शोधायची गरज नाही. त्याला आपला विजय स्वच्छ हवा होता, आणि तो स्वच्छ दिसायलाही हवा होता.

पण मग इंग्लंडचे का नाही, ऑस्ट्रेलियाचे का नाही? भारताचे का? कारणं व्यवहाराची असतील. माझा आपला एक तर्क आहे. या दोघांना वेस्ट इंडीजवाल्यांची इंग्रजी कळत होती आणि यष्टीमागची हिंदुस्तानीही. मैदानात कोण काय बोललं, ते न समजलेला पंच अर्धाच पंच असतो.

काळ कोणता होता, तेही पाहा. सियाचीनवर १९८४ पासून दोन्ही सैन्यं समोरासमोर होती. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली, तेव्हा भारताचा संघ पाकिस्तानातच खेळत होता आणि दौरा अर्ध्यावर टाकून परतला होता. १९८६-८७ च्या त्या हिवाळ्यात तर राजस्थानच्या सीमेवर ‘ब्रासटॅक्स’ नावाचा प्रचंड लष्करी सराव झाला आणि युद्ध होतं की काय असं वाटू लागलं. त्या काळात पाकिस्तानने आपल्या कसोटीचा न्याय करायला दोन हिंदुस्थानी माणसं बोलावली.

मी तेव्हा अकरावीत होतो. भारत-पाकिस्तान सामना असला की माझ्या नावामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जाई, ‘काय मग, आज कुणाकडून?’ विचारणारा बहुधा मित्रच असे, हसत विचारी आणि उत्तरासाठी थांबतही नसे. उत्तर मलाच बरोबर घेऊन हिंडावं लागे. शेवटची विकेट पडली की टाळी किती जोरात वाजवायची, याचाही हिशेब करावा लागे, कारण हळू वाजली तरी दिसे आणि फार जोरात वाजली तरी दिसे. लाहोरची बातमी मी वाचनालयात वाचली, खेळाच्या पानावर, चार ओळींची. ती वाचून काही मोठा साक्षात्कार झाला असं म्हणणार नाही. पण मला आठवतं, मी ती पुन्हा वाचली. ‘कुणाकडून’ हा प्रश्न त्या दोघांना कुणी विचारला नव्हता. किंवा विचारूनही, उत्तर काहीही असो, तुम्हीच उभे राहा, असं म्हटलं होतं.

सामना ७ नोव्हेंबरला सुरू झाला आणि ९ तारखेला संपला. पाकिस्तानचा पहिला डाव १३१. वेस्ट इंडीज २१८. दुसऱ्या डावात पाकिस्तान ७७ मध्ये गारद. एक डाव आणि १० धावांनी हार, तीही तीन दिवसांत. ज्या यजमानाने हौसेने तटस्थ पंच बोलावले, तोच त्यांच्यासमोर असा आपटला. मालिका पुढे १-१ अशी सुटली.

अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण म्हणतील, झाली एवढी हौस पुरे. इम्रानने उलट केलं. १९८९ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला, सचिनच्या पदार्पणाचा तो दौरा, तेव्हाही तटस्थ पंच हवेत असा आग्रह त्याचाच होता. इंग्लंडचे जॉन हॅम्पशर आणि जॉन होल्डर आले. चारही कसोट्या अनिर्णित राहिल्या, आणि आठवा पाहू, त्या दौऱ्यातला पंचांवरचा एक तरी मोठा वाद आठवतो का? मधे १९८७ मध्ये इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि शकूर राणा यांचं फैसलाबादला जे बोटं दाखवून भांडण झालं, ते मात्र सगळ्यांना आठवतं. तिथे पंच घरचे होते.

मग जगाला उशिरा का होईना सुचलं. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तिसऱ्या देशाचा आला, २००२ पासून दोन्ही. २०२० मध्ये करोनाने विमानं थांबवली तेव्हा मात्र पुन्हा घरचेच पंच उभे करावे लागले, आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने संघांना प्रत्येक डावात एक जादा रिव्ह्यू देऊ केला. त्याला घरच्या पंचांवरचा अविश्वास म्हणा किंवा कमी अनुभवाची भरपाई म्हणा. २०२१ च्या फेब्रुवारीत चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नितीन मेनन आणि अनिल चौधरी हे दोन भारतीय उभे राहिले. मेनन यांचे निर्णय त्या मालिकेत रिव्ह्यूमध्ये वारंवार टिकले आणि इंग्लंडच्या पत्रकारांनीही त्यांची वाखाणणी केली. यंत्र मागे उभं असलं की पंच कोणाचा हे विचारण्याची गरज कमी होते, हे खरं. पण यंत्रही ‘अम्पायर्स कॉल’ नावाची एक जागा मोकळी ठेवतं. तिथे यंत्र म्हणतं, इथे मला नक्की सांगता येत नाही, तुमच्या माणसाने म्हटलं तेच धरा.

पिलू रिपोर्टर ३ सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात वारले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन. वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं. विद्युत मंडळाची नोकरी, चौदा कसोट्या, चौकाराची ती खूण, आणि अर्थातच लाहोर. त्या सामन्यात त्यांनी कुणाला पायचीत दिलं आणि कुणाला नाही, ते माझ्या वाचनात आलेल्या एकाही बातमीत नव्हतं.